हासचं परत येणं

१७ जून २०१२. जर्मनीतल्या हाले नावाच्या छोट्या गावात हिरवळीवरच्या टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना. जाळीच्या एका बाजूला रॉजर फेडरर. हे गाव त्याच्यावर इतकं खूश की त्याच वर्षी स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला त्याचं नाव दिलं गेलं. दुसऱ्या बाजूला टॉमी हास. वय ३४, जागतिक क्रमवारीत ८७वा, आणि स्पर्धेत घेतला गेला तोही वाइल्ड कार्डावर, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजक देतात त्या जागेवर. सामना दोन सेटमध्ये आटोपला, ७-६, ६-४. जिंकला हास.

जेमतेम दोन वर्षांपूर्वी या माणसाच्या उजव्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली होती. कोपरावरही. त्याच्या कितीतरी आधीपासून खांद्याचं दुखणं मागे लागलेलं. दोन्ही घोटे तर विशी गाठायच्या आतच मोडून झाले होते.

अशा गोष्टीला आपल्याकडे एक शब्द तयारच असतो, जिद्द. हासकडे ती होती, कबूल. पण जिद्द असलेले कितीतरी खेळाडू दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर कायमचे घरी बसले, आणि त्यांची जिद्द हासपेक्षा कमी होती असं म्हणायला कुठलाच आधार नाही. मग हा एकटा पुन्हा पुन्हा कसा परतला? २०१० ते २०१३ हा त्याच्या कारकिर्दीचा तुकडा बारकाईने पाहिला की जिद्दीच्या आजूबाजूला आणखी बऱ्याच गोष्टी सापडतात. काही अगदीच रुक्ष, नियमावलीतल्या. मला त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात.

आधी थोडं मागे जायला हवं.

हॅम्बुर्ग ते फ्लोरिडा

हासचा जन्म ३ एप्रिल १९७८ चा, हॅम्बुर्गचा. वडील पीटर मूळचे ऑस्ट्रियाचे, स्वतः टेनिसचे प्रशिक्षक. पोराच्या हातात काय आहे हे त्यांना फार लवकर कळलं होतं. अकरा-बारा वर्षांचा असतानाच निक बोलेटिएरी यांच्या फ्लोरिडातल्या अकादमीशी त्याचा संबंध आला आणि पुढे तो तिथेच वाढला. त्याची बहीण सबिने हीसुद्धा टेनिस खेळायची. या दोन मुलांचा खर्च उभा करायला घरच्यांनी एक वेगळाच मार्ग काढला होता. गुंतवणूकदारांचा एक गट जमवायचा, त्यांनी आत्ता पैसे घालायचे आणि पुढे मुलं कमावू लागली की त्या कमाईत वाटा घ्यायचा. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाचे जवळजवळ शेअरच. यावरून नंतर कज्जेही झाले. ही व्यवस्था मला अस्वस्थ करते, पण ती नजरेआड करून पुढचं नीट समजणार नाही. हासचं शरीर लहानपणापासूनच एक गुंतवणूक होती, आणि ते नीट चालावं यात बऱ्याच जणांचा पैसा अडकलेला होता.

जर्मनीत तेव्हा टेनिसपटू होणं सोपंही होतं आणि अवघडही. १९८५ मध्ये सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने विम्बल्डन जिंकलं. स्टेफी ग्राफने एकेरीची २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. १९९१ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात तर दोन्हीकडे जर्मनच होते आणि मायकेल श्टिशने बेकरला हरवलं. आपल्याकडेही ज्यांच्या घरात तेव्हा दूरदर्शन होतं, त्यांना ही नावं तोंडपाठ आहेत. मागून आलेल्या पिढीकडून, म्हणजे हास, निकोलस कीफर, रायनर श्युटलर यांच्याकडून, हीच वसुली अपेक्षित होती. १९९९ मध्ये ग्राफ आणि बेकर दोघंही थांबले, आणि त्याच वर्षीच्या सुरुवातीला हास ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. माप तिथेच ठरून गेलं.

सुरुवात तर त्या मापाला साजेशीच होती. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने उपांत्य फेरीत तरुण फेडररला सरळ सेटमध्ये हरवलं आणि अंतिम सामन्यात येवगेनी काफेल्निकोव्हकडून पाच सेटमध्ये हरून रौप्यपदक घेतलं. २००१ मध्ये चार विजेतेपदं आली. त्यातल्या लाँग आयलंडच्या अंतिम सामन्यात समोर पीट सॅम्प्रास होता. २००२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने चौथ्या फेरीत पुन्हा फेडररला हरवलं, पाचवा सेट ८-६. उपांत्य फेरीत मरात साफिनविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. मग पाऊस आला, खेळ थांबला, छप्पर बंद झालं. परतल्यावर साफिनने ६-०, ६-२ असे दोन सेट काढून घेतले. पावसाला दोष द्यायचा की हासला, यावर दोन्हीकडून बोलता येईल.

१३ मे २००२ ला तो जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. वय २४.

साधारण महिनाभरात फ्लोरिडात त्याच्या आईवडिलांच्या मोटरसायकलला भीषण अपघात झाला. वडील कोमात गेले. हासने विम्बल्डन सोडलं आणि घर सांभाळलं. त्यानंतर खांद्याने दगा दिला. शस्त्रक्रिया झाली आणि २००३ चं अख्खं वर्ष तो एकही सामना खेळला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत एक जर्मन पोहोचला, पण तो श्युटलर.

खांद्याचं गणित

इथे जरा शरीराकडे वळू. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. दंडाच्या हाडाचं गोल टोक त्या बशीत जागेवर धरून ठेवायचं काम चार स्नायूंचा पट्टा करतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. सर्व्हिस करताना हात डोक्यावरून पूर्ण वेगात फिरतो. लोकांना वाटतं की इजा त्या वेगाने होते. खरा मार बसतो तो चेंडू मारून झाल्यावर, हात थांबवताना. तो ब्रेक हेच छोटे स्नायू लावतात. एका सामन्यात शंभरेक वेळा, शिवाय सराव वेगळा, वर्षातले दहा महिने.

फाटलेला कफ शिवता येतो. पण शिवलेला खांदा आणि मूळचा खांदा एक नसतात. हास २००४ मध्ये परतला, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसची विजेतेपदं घेतली, वर्षअखेरीला १७वा झाला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम पुनरागमनाचा किताबही त्यालाच मिळाला. इतर कुणाच्या बाबतीत गोष्ट इथे संपली असती. हासच्या बाबतीत ती इथे सुरूसुद्धा झालेली नव्हती.

२००५ च्या विम्बल्डनला पहिल्या सामन्याआधी अंग गरम करताना त्याचा पाय जमिनीवर पडलेल्या चेंडूवर पडला, घोटा मुरगळला आणि सामना अर्धवट सोडावा लागला. अशा गोष्टीला ना सराव पुरतो ना जिद्द. २००६ मध्ये तीन विजेतेपदं, २००७ मध्ये तिसऱ्यांदा ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी, पुन्हा पहिल्या दहांत. आणि २००७ संपता संपता पुन्हा खांद्याची शस्त्रक्रिया.

एक ब्रेक पॉइंट

२००९ च्या फ्रेंच ओपनमधला तो चेंडू टाळून हासबद्दल लिहिता येत नाही, जरी त्याच्याविषयी आता लिहून लिहून चोथा झाला असला तरी. आदल्या दिवशी राफाएल नदाल, तिथला आधीच्या चार वर्षांचा विजेता, रॉबिन सॉडरलिंगकडून हरला होता. पॅरिसचं मैदान फेडररसाठी पहिल्यांदाच मोकळं झालं होतं. आणि चौथ्या फेरीत हासने त्याच्याविरुद्ध पहिले दोन सेट घेतले, ७-६, ७-५. तिसऱ्या सेटमध्ये हास ४-३ पुढे, फेडररची सर्व्हिस, गुण ३०-४०. हा ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवरचा गेम, मिळाला असता तर पुढच्या गेममध्ये हास सामना संपवायला सर्व्हिस करणार होता. फेडररने बॅकहँडच्या कोपऱ्यातून सरकत जाऊन उलट्या दिशेला फोरहँड मारला आणि चेंडू रेषेजवळ पडला. पुढचे तीन सेट ६-४, ६-०, ६-२. त्या आठवड्याच्या शेवटी फेडररकडे त्याचं एकमेव फ्रेंच ओपन आलं.

लोक या चेंडूला ‘हासची हुकलेली संधी’ म्हणतात. मला ते पटत नाही. त्या गुणात हासने काही चुकवलंच नव्हतं, समोरच्याने चांगला फटका मारला. त्यापेक्षा दोन आठवड्यांनी काय झालं ते पाहण्यासारखं आहे. हालेच्या हिरवळीवर त्याने जोकोविचला हरवून स्पर्धा जिंकली. मग विम्बल्डनला उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा जोकोविचला हरवलं आणि कारकिर्दीत पहिल्यांदाच तिथली उपांत्य फेरी गाठली. तिथे परत फेडरर, परत पराभव. पण पॅरिसचा तो दिवस त्याने अंगाला चिकटू दिला नाही.

वर्षअखेरीला तो पहिल्या विसांत होता. जानेवारी २०१० मध्ये त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. फेब्रुवारीत खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच सुमारास कोपराचीही.

रिकामं पान

टेनिसची जागतिक क्रमवारी म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांची जमाखर्चाची वही. आज मिळालेले गुण पुढच्या वर्षी त्याच आठवड्याला पुसले जातात. वर्षभर खेळला नाहीत तर पान कोरं. तुम्ही कधीकाळी दुसऱ्या क्रमांकावर होता याची या वहीत नोंद नसते. हास जवळजवळ पंधरा महिने बाहेर होता, म्हणजे परतला तेव्हा त्याचं पान कोरंच होतं.

यासाठी व्यवस्थेत एक फट ठेवलेली आहे. दुखापतीमुळे किमान सहा महिने बाहेर राहिलेल्या खेळाडूला ‘प्रोटेक्टेड रँकिंग’ मागता येतं. तो थांबला त्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमवारीची सरासरी काढतात आणि त्या आकड्यावर त्याला ठराविक स्पर्धांत, ठराविक मुदतीपुरता थेट प्रवेश मिळतो. पण मानांकन, म्हणजे अव्वल खेळाडूंना सुरुवातीच्या फेऱ्यांत एकमेकांपासून दूर ठेवणारा क्रम, मिळत नाही, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. मानांकन नसेल तर पहिल्याच फेरीत कोणीही समोर येऊ शकतो. नियम दार उघडून देतो, आत बसायला खुर्ची देत नाही.

२०११ च्या फ्रेंच ओपनला हास एकेरीत परतला आणि पहिल्याच फेरीत तुर्कस्तानच्या मार्सेल इल्हानकडून हरला. विम्बल्डनलाही पहिली फेरी, गिल्स म्युलरकडून पराभव. अमेरिकन ओपनला तिसरी फेरी, हाच काय तो उजेड. वर्ष संपलं तेव्हा क्रमवारी दोनशेच्या पलीकडे होती. २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पहिली फेरी जिंकली, आणि दुसऱ्या फेरीत समोर कोण? नदाल. बिनखुर्चीच्या पाहुण्याचं हे असं होतं.

त्याच्या वयाच्या आणि पूर्वीच्या पदाच्या माणसाला थांबायला हे कारण पुरेसं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला मुलगी झाली होती. तिला कळण्याइतकी मोठी होऊन तिने आपल्याला खेळताना पाहावं, असं तो तेव्हा वारंवार सांगायचा. हे कारण मला भाबडं वाटत नाही. विम्बल्डन जिंकायचं आहे असं म्हणणारा पहिल्या फेरीत दोनदा हरला की त्याचा हिशोब कोसळतो. मुलीने बघावं एवढंच हवं असणाऱ्याला पुढचा आठवडा उरतो.

खालच्या दारातून

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आठवडा हालेचा नाही. तो त्याच्याआधीचा, मे २०१२ मधला पॅरिसचा, आणि तोही मुख्य स्पर्धा सुरू व्हायच्या आधीचा आहे. फ्रेंच ओपनला त्या वर्षी हासला पात्रता फेरीतून यावं लागलं. जगातला माजी दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, तीनदा ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी खेळलेला, बाजूच्या कोर्टांवर विशीतल्या पोरांबरोबर आत शिरण्यासाठी झगडत होता. तो आत आला, मुख्य स्पर्धेतल्या दोन फेऱ्या जिंकला आणि तिसऱ्या फेरीत रिशार गास्केविरुद्ध पहिला सेट घेऊन मग विझला. शेवटचे दोन सेट ६-०, ६-०. पायांत काही उरलंच नव्हतं.

हा आठवडा महत्त्वाचा अशासाठी की नावाजलेल्या खेळाडूला पराभवापेक्षा हे जास्त जड जातं. मोठ्या कोर्टावर फेडररकडून हरण्यात एक प्रतिष्ठा असते. पात्रता फेरीत जिंकण्यात कसलीच नसते. पुष्कळ मोठे खेळाडू थांबतात ते याच उंबरठ्यावर. शरीर तयार असतं, पण खालच्या दाराने आत जाणं मनाला रुचत नाही.

तीन आठवड्यांच्या आत हाले.

तिथे दुसरी गोष्ट कामाला आली, वाइल्ड कार्ड. विजेत्याला २५० गुण देणाऱ्या स्पर्धेत, तेव्हा हालेही त्यातलीच, आयोजकांच्या हातात एकेरीच्या तीन जागा असतात, क्रमवारी न पाहता कुणालाही द्यायला. पुण्यात बालेवाडीला २०१८ पासून काही वर्षं महाराष्ट्र ओपन व्हायची ती याच दर्जाची, आणि पहिल्या वर्षी तिथे पुण्याच्या अर्जुन कढेला एकेरी खेळायला मिळाली ती अशाच कार्डावर. आयोजक ही कार्डं उपकार म्हणून वाटत नाहीत. तिकिटं विकायची असतात, गावच्या नावाला टाळ्या हव्या असतात. जर्मनीत हासच्या नावावर अजून तिकिटं विकली जात होती. त्याच्याच वयाच्या, तशाच दुखापतीतून उठलेल्या एखाद्या खेळाडूच्या देशात अशी एकही स्पर्धा नसेल, तर त्याच्यासाठी हे दार उघडणारच नाही. जर्मनीत हाले होतं, म्युनिक होतं, हॅम्बुर्ग होतं, स्टुटगार्ट होतं. जिद्दीच्या गोष्टीत हा भाग कुणी सांगत नाही, कारण त्याने गोष्ट थोडी फिकी होते. माझ्या मते उलट, तेव्हा कुठे ती खरी वाटू लागते.

तिसरी गोष्ट त्याच्या खेळाची. हासचा एकहाती बॅकहँड बघायला देखणा होता हे सगळेच सांगतात. पण उपयोगाची बाब अशी की त्याचा खेळ कुठल्याही एका फटक्यावर उभा नव्हता. ज्याचं सगळं घर तुफानी सर्व्हिसवर बांधलेलं आहे, त्याचा खांदा गेला की घरच गेलं. हासकडे स्लाइस होती, जाळीपाशी येणं होतं, दोन्ही बाजूंनी जोरकस फटके होते. एक खोली गळायला लागली तर दुसरीत बिऱ्हाड हलवता यायचं. परतल्यावर तो गुण लवकर संपवू लागला, पुढे येऊ लागला, लांबलचक रॅलींत अडकायचं टाळू लागला. हिरवळीवर हे साधतंच. पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही, कारण हालेनंतर त्याच उन्हाळ्यात तो हॅम्बुर्गच्या मातीवर अंतिम फेरीत गेला, तिथे हुआन मोनाकोकडून हरला. मग वॉशिंग्टनच्या हार्ड कोर्टवर पुन्हा अंतिम फेरी, तिथे अलेक्झांडर दोल्गोपोलोव्हने हरवलं. दीड महिन्यात तीन वेगळ्या पृष्ठभागांवर तीन अंतिम सामने. दोनशेच्या पलीकडून निघालेला माणूस वर्षअखेरीला २१वा होता. पुनरागमनाचा किताब त्याला पुन्हा मिळाला, पहिल्यानंतर आठ वर्षांनी.

(एक गंमत. हालेत हासकडून हरलेला फेडरर तीन आठवड्यांनी विम्बल्डन जिंकला. असंच आणखी एकदा होणार होतं.)

पस्तिशीतलं वर्ष

२०१३ चा मार्च, मायामी. पस्तिशी पूर्ण व्हायला आठवडा राहिलेला. समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा जोकोविच. हासने त्याला ६-२, ६-४ असं हरवलं, आणि आकडे सांगतात त्याहून तो सामना एकतर्फी होता. उपांत्य फेरीत तो दावित फेररकडून हरला. मे महिन्यात म्युनिकचं विजेतेपद मिळालं, अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या फिलिप कोलश्रायबरला हरवून.

मग पॅरिस. तिसऱ्या फेरीत समोर जॉन इस्नर, साडेसहा फुटांहून उंच, जगातल्या सर्वांत भेदक सर्व्हिसपैकी एक. हासने पहिले दोन सेट घेतले. चौथ्या सेटमध्ये मॅच पॉइंट मिळू लागले आणि जाऊ लागले. एकूण १२ गेले. बारा! तो सेट गेला, पाचवा सुरू झाला आणि त्यात हासवरच एक मॅच पॉइंट आला. तो त्याने वाचवला. शेवटी तेराव्या संधीला सामना संपला, पाचवा सेट १०-८, साडेचार तासांहून जास्त वेळ. २००९ च्या त्या एका चेंडूवरून ज्यांनी त्याच्या मनाची परीक्षा घेतली, त्यांनी हा सामना बघायला हवा. बारा वेळा जिंकता जिंकता राहिलेला माणूस तेराव्या वेळी काय विचार करत असेल? माझा अंदाज, काहीच नाही. पुढचा चेंडू.

चौथ्या फेरीत त्याने मिखाइल युझनीला ६-१, ६-१, ६-३ असं अक्षरशः गुंडाळलं आणि कारकिर्दीत पहिल्यांदाच फ्रेंच ओपनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. बाकीच्या तिन्ही ग्रँड स्लॅममध्ये ती त्याने आधीच गाठलेली होती. म्हणजे चौकडी पूर्ण झाली ती पस्तिसाव्या वर्षी. तिथे जोकोविचने मायामीचा हिशोब चुकता केला. त्या जूनमध्ये हास क्रमवारीत ११वा झाला. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाचं विजेतेपद मिळालं, तिथेच बारा वर्षांपूर्वीही तो जिंकला होता. वर्षअखेर १२वा.

या यशाला काळाचाही हातभार होता, हे नोंदवायला हवं. २०१२-१३ च्या आसपास पुरुषांचं टेनिस प्रौढ होत चाललं होतं. तिशीतले खेळाडू पहिल्या वीस-तीसांत सहज दिसू लागले होते. सोबत फिजिओ आणि व्यायामाचा प्रशिक्षक घेऊन फिरणं वरच्या खेळाडूंना परवडू लागलं होतं, आणि हास परवडणाऱ्यांपैकी होता. त्याची कारकिर्दीतली बक्षिसाची एकूण कमाई साधारण १ कोटी ३६ लाख डॉलरची. क्रमवारीत शंभराच्या पलीकडे आयुष्य काढलेल्या खेळाडूला पंधरा महिने बिनपगारी उपचार घेत बसणं जमत नाही. तो प्रशिक्षक होतो, क्लबात शिकवतो. त्याची जिद्द कुणी मोजत नाही.

उतरण

२०१४ च्या फ्रेंच ओपनला पहिल्याच फेरीत खांद्यामुळे सामना सोडावा लागला आणि पुन्हा शस्त्रक्रिया झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात तो परतला, विम्बल्डनला एक फेरी जिंकला. मग पावलाचं दुखणं, पुन्हा वर्ष वाया. २०१७ हे निरोपाचं वर्ष त्याने आधीच जाहीर केलं होतं. ह्यूस्टनला ३९ वर्षांच्या हासने एकोणीस वर्षांच्या रायली ओपेल्काला हरवलं. टूरवर इतक्या वयात सामना जिंकणारा १९९५ च्या जिमी कॉनर्सनंतरचा तो पहिलाच.

आणि जून २०१७, स्टुटगार्ट. मातीचा सगळा हंगाम सोडून फेडरर नुकताच कोर्टवर परतला होता. समोर वाइल्ड कार्डावरचा, क्रमवारीत ३०२वा हास, त्याचा जुना मित्र. पहिला सेट फेडररने ६-२ घेतला. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये हासने मॅच पॉइंट वाचवला, सेट काढला, तिसरा ६-४. फेडररविरुद्धचा त्याचा हा चौथा आणि शेवटचा विजय. पहिला सिडनीचा २००० चा, दुसरा मेलबर्नचा २००२ चा, तिसरा हालेचा २०१२ चा. चार विजय, सतरा वर्षांत पसरलेले. त्यांच्या मधल्या काळात फेडररकडून १३ पराभव. आणि हो, त्या वर्षीचं विम्बल्डनही पुन्हा फेडररच जिंकला.

शेवटचा सामना ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला, म्हणजे वडिलांच्या देशात. यान-लेनार्ड श्ट्रुफकडून पहिल्या फेरीत पराभव. एकूण १५ विजेतेपदं, ५६९ विजय, ग्रँड स्लॅमचा एकही अंतिम सामना नाही. जर्मन वर्तमानपत्रांना हा शेवटचा आकडा कायम खुपला. मला स्वतःला त्याच्या बाजूला ठेवावीशी वाटतात ती सगळी वर्षं ज्यात तो एकही सामना खेळला नाही.

दुसऱ्या बाजूची खुर्ची

खेळणं पूर्ण थांबायच्या आधीच, २०१६ मध्ये, त्याला कॅलिफोर्नियातल्या इंडियन वेल्स स्पर्धेचा संचालक नेमलं गेलं. निवृत्तीची औपचारिक घोषणाही त्याने तिथेच केली, मार्च २०१८ मध्ये. संचालकाच्या कामांत पुष्कळ गोष्टी येतात. कोर्टची आखणी, प्रायोजक, खेळाडूंच्या तक्रारी. आणि वाइल्ड कार्डं.

२०२१ ची ती स्पर्धा महासाथीमुळे मार्चऐवजी ऑक्टोबरमध्ये झाली. अँडी मरे तेव्हा शंभराच्या पलीकडे घसरला होता. २०१९ च्या सुरुवातीला त्याच्या खुब्यात धातू बसवला होता, आणि आता थांब असं त्याला सांगणारे चिक्कार होते. इंडियन वेल्सने त्याला वाइल्ड कार्ड दिलं. पहिल्या फेरीत मरेने आद्रियान मनारिनोला हरवलं. दुसऱ्या फेरीत समोर अठरा वर्षांचा कार्लोस अल्कारेझ होता. पहिला सेट अल्कारेझने ७-५ घेतला. पुढचे दोन ६-३, ६-२ असे मरेने.